चालू सर्व्हरची डिस्क बदलताना: अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यातलं काम

सर्व्हर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा. लूम-शेडला लागून असलेल्या केबिनमध्ये ठेवलेला. त्यावर ऑर्डरी आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर, त्याचा मारियाडीबी डेटाबेस, जकार्डच्या डिझाइनच्या फायली आणि निर्यातीची कागदपत्रं. डेबियन लिनक्स आणि चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क, रेड-१ मध्ये. म्हणजे एकीवर लिहिलं ते दुसरीवरही लिहिलं जातं. खोक्यात चार कप्पे, त्यातले दोन रिकामे. एक डिस्क जायला टेकलेली, कारखाना दोन पाळ्यांत चालू आणि एप्रिलचं ऊन. सर्व्हर बंद न करता, कमांड लाइनवरून ती डिस्क कशी बदलली त्याची ही हकीकत.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाकायच्या. शक्य तिथे आज्ञांची लांब रूपं वापरली आहेत. त्याचं कारण पुढे येईल.

सगळ्यात आधी टीमक्स. एसएसएचने (दुरून सर्व्हरवर आज्ञा देण्याच्या सोयीने) जोडलेलं असताना नेट तुटलं तर चालू असलेली आज्ञाही मरू शकते; टीमक्समध्ये ती सर्व्हरवर चालू राहते आणि 'टीमक्स अटॅच' म्हटलं की पुन्हा समोर येते. त्याच्या आत 'स्क्रिप्ट' ही आज्ञा फाइलचं नाव देऊन सुरू केली, म्हणजे पडद्यावर आलेलं सगळं त्या फाइलमध्ये नोंदलं जातं. रात्री दोनला 'मघाशी सिरियल नंबर कुठला होता' असा प्रश्न पडतोच, तेव्हा ही फाइल कामाला येते.

मग नुसतं वाचायचं. 'कॅट /प्रोक/एमडीस्टॅट' केल्यावर दोन्ही ॲरेंपुढे (रेडने बांधलेल्या जोड्यांपुढे) [यूयू] दिसलं, म्हणजे दोन्ही डिस्क हजर. लोक इथेच निर्धास्त होतात. रेडच्या हिशेबात डिस्क एकतर आत असते नाहीतर बाहेर; आजारी असा तिसरा रकाना तिथे नाही. आजार दिसतो तो कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत आणि डिस्कच्या स्वतःच्या हिशेबात. 'डीमेसेज -टी' (टी मोठा, म्हणजे वेळ माणसाला वाचता येईल अशी येते) केल्यावर दुसऱ्या डिस्कच्या, म्हणजे एसडीबीच्या नावाने वाचनातल्या चुकांच्या ओळी सापडल्या. त्यानंतर:

स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी

या आज्ञेतून पानभर आकडे येतात, पण अशा वेळी बघायचे ते मोजकेच. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे). १९७ म्हणजे वाचता येत नाहीत आणि अजून हलवलेलेही नाहीत असे. १९८ म्हणजे डिस्कने स्वतः केलेल्या तपासणीतही वाचता न आलेले. १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वायरीवरच्या चुका. या डिस्कवर ५ आणि १९७ दोन्ही वाढत होते आणि १९९ शून्यावर होता. उलट असतं, १९९ वाढतोय आणि बाकी शून्य, तर डिस्कला हात न लावता आधी केबल बदलली असती. पुष्कळ चांगल्या डिस्क केवळ सैल केबलपायी भंगारात जातात. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यातला कच्चा आकडा बघावा. 'व्हॅल्यू' आणि 'थ्रेशोल्ड'ची तुलना करून डिस्क 'पास' ठरली तरी तिच्यावर विसंबू नये. या डिस्कनेही 'ओव्हरऑल हेल्थ: पास्ड' असंच छापलं होतं.

गंमत म्हणजे हे सगळं सर्व्हर आधीपासून ओरडून सांगत होता. स्मार्टडी हा राखणदार बदललेल्या आकड्यांचे मेल रूटच्या नावे पाठवत होता आणि ते सर्व्हरवरच, /व्हार/मेल/रूट या फाइलमध्ये साचत होते. नवा सर्व्हर हाती आला की आम्ही ही फाइल आधी उघडतो.

सिरियल नंबर लिहून घेतले:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल,माउंटपॉइंट

एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की बदलू शकतात. सिरियल नंबर बदलत नाही. शेवटची चार अक्षरं मार्करने कप्प्याच्या पट्टीवर लिहिली. कुठला कप्पा कुठल्या डिस्कचा अशी शंका असेल तर चांगल्या डिस्कवरून 'डीडी'ने नुसतं वाचन चालू ठेवायचं. जिचा दिवा सतत लुकलुकतो तिला हात लावायचा नाही. आजारी डिस्कवर हा प्रयोग करू नये, तिला उगाच पळवण्यात अर्थ नाही.

यानंतर बॅकअप. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, एका फटक्यात पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. डेटाबेसचा डंप (एका फाइलमध्ये पूर्ण नक्कल) 'मायएसक्यूएलडंप'ने '--सिंगल-ट्रान्झॅक्शन' देऊन घेतला. इनोडीबी प्रकारच्या टेबलांवर त्यामुळे कुलूप लागत नाही आणि शिफ्टचं काम थांबत नाही. डिझाइनच्या फायली 'आरसिंक'ने बाहेरच्या डिस्कवर. डंप दुसऱ्या लॅपटॉपवर चढवून चार टेबलांतल्या ओळी मोजून पाहिल्या. डंपची फाइल मोठी आहे म्हणून ती पूर्ण आहे असं होत नाही; शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' आहे का ते 'टेल'ने बघावं.

आता या कामातली खरी मेख. डिस्कवर तीन पार्टिशन होते: पहिलं ईएफआयचं ५१२ एमबी, दुसरं बूटचं (एमडी०), तिसरं बाकी सगळ्याचं (एमडी१). दुसरं आणि तिसरं रेडमध्ये, पण पहिलं रेडमध्ये नसतं, कारण मदरबोर्डचं फर्मवेअर ते थेट वाचतं आणि त्याला लिनक्सचं रेड कळत नाही. 'फाइंडएमएनटी /बूट/ईएफआय' केलं. एकच ओळ आली: /डेव्ह/एसडीबी१. म्हणजे बूटलोडर (सर्व्हर सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्रॅम) होता तो नेमका आजारी डिस्कवर. एसडीए१ वेगळ्या जागी माउंट करून 'एलएस' केलं तर आत काहीही नाही. दोन्ही डिस्कवर जागा राखलेली असली तरी डेबियनचा इन्स्टॉलर बूटलोडर एकीवरच टाकतो. अशा सर्व्हरची एसडीबी मेली असती तर सगळा डेटा एसडीएवर शाबूत राहिला असता आणि तरी वीज जाऊन आल्यावर सर्व्हर उठला नसता. शिवाय /ईटीसी/एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) त्याच पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक. तो सापडला नाही की सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) दीड मिनिट वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागत बसतं.

म्हणून नवी डिस्क यायच्या आधीच हे दुरुस्त केलं. एसडीए१ला '/एमएनटी' वर माउंट केलं आणि 'आरसिंक -आरटी /बूट/ईएफआय/ /एमएनटी/' ने आतलं सगळं तिकडे नेलं (पहिल्या वाटेच्या शेवटची तिरकी रेघ गाळू नये, नाहीतर आत आणखी एक फोल्डर तयार होतं). मग फर्मवेअरच्या यादीत नवी नोंद:

ईएफआयबूटमॅनेजर --क्रिएट --डिस्क /डेव्ह/एसडीए --पार्ट १ --लेबल डेबियन-अ --लोडर '\ईएफआय\डेबियन\शिमएक्स६४.ईएफआय'

आज्ञेचं खरं नाव त्याहून आखूड आहे, शेवटचं 'मॅनेजर' फक्त 'एमजीआर' असं लिहितात. वाटेभोवतीचे एकेरी अवतरणचिन्हं विसरले तर उलट्या तिरक्या रेघा शेल खाऊन टाकतो, नोंद तयार होते आणि चालत मात्र नाही. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी एसडीए१चा टाकला आणि पर्यायांत 'नोफेल' जोडलं, म्हणजे ते पार्टिशन सापडलं नाही तरी बूट अडत नाही. ग्रब किंवा शिम या बूटलोडरच्या भागांचं पॅकेज अपडेट झालं की ही नक्कल पुन्हा करावी लागते, ती आपोआप होत नाही.

नवी डिस्क घेताना तीन गोष्टी बघितल्या. एक, ती सीएमआर पद्धतीची, म्हणजे ट्रॅक शेजारी-शेजारी असलेली असावी. एसएमआर डिस्कवर ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. रेड नव्याने भरताना त्यांचा वेग इतका पडतो की काम दिवसांवर जातं. दोन, बाइटमध्ये आकार. 'ब्लॉकडेव्ह --गेटसाइझ६४' ने जुनीचा आकार काढला. एक आकडा विसरलात तर तुलना चुकते म्हणून सांगतो, पूर्ण आकडा ४०००७८७०३००१६ असा तेरा अंकी येतो. नवी याहून एक बाइटही कमी नको. तीन, चूक आल्यावर लवकर हात वर करण्याची सोय. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिट-दोन मिनिटं झगडत राहते, तर कर्नल ३० सेकंदांत कंटाळून तिला मृत समजतो. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क रेडबाहेर जाते. 'स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/एसडीसी' ने ही मर्यादा ७ सेकंदांवर आणता येते. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. पुष्कळ डिस्क वीज गेल्यावर ही मर्यादा विसरतात, म्हणून ती बूट होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातली. डिस्क ही सोय देतच नसेल तर उलटं करायचं: /सिस/ब्लॉक/एसडीसी/डिव्हाइस/टाइमआउट या फाइलमध्ये १८० लिहायचं.

डिस्क पुण्याहून मागवली. ट्रॅव्हल्सच्या पार्सलमधून येणारी डिस्क सोलापूरला पोचेपर्यंत चांगलीच हादरते, म्हणून बसवल्याबरोबर कामाला न लावता आधी 'स्मार्टसीटीएल -टी लाँग' ही पूर्ण तपासणी. चार टेराबाइटला ती सात-आठ तास घेते, पार्श्वभूमीवर चालते, निकाल '-एल सेल्फटेस्ट' ने बघायचा. घाई असली तरी हे टाळू नये.

आता पार्टिशन. आधी 'एसजीडिस्क --बॅकअप' ने एसडीएचा तक्ता फाइलमध्ये घेतला, मग:

एसजीडिस्क --रेप्लिकेट=/डेव्ह/एसडीसी /डेव्ह/एसडीए
एसजीडिस्क --रँडमाइझ-जीयूआयडीज /डेव्ह/एसडीसी

पहिल्या ओळीचा क्रम उलटा वाटतो आणि तिथेच लोक फसतात: बरोबरच्या चिन्हापुढे जिच्यावर लिहायचं ती नवी डिस्क, शेवटी जिच्यावरून घ्यायचं ती जुनी. उलटं टाकलं तर रिकामा तक्ता चांगल्या डिस्कवर चढतो. आखूड रूपात रेप्लिकेटला मोठा आर लागतो आणि छोट्या आरचा अर्थ दोन पार्टिशनच्या नोंदींची अदलाबदल. जीयूआयडी (डिस्क आणि पार्टिशनचे ओळखक्रमांक) नव्याने द्यायला मोठा जी, तर छोटा जी म्हणजे तक्त्याचा प्रकार बदलणं. रात्री अकराला शिफ्टच्या कीवर एवढा विश्वास कशाला ठेवायचा? म्हणून लांब रूपं.

पुस्तकी पद्धत अशी असते की खराब डिस्कला 'फेल' म्हणायचं, काढायची, नवी घालायची. आम्ही ती वापरली नाही. खराब डिस्क आधी काढली तर रात्रभर कारखान्याचा सगळा डेटा एकाच डिस्कवर राहतो, आणि ती असते तेवढ्याच वयाची, बहुधा त्याच खेपेतली, आणि त्याच रात्री तिला पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचावं लागतं. तिच्यावर एखादा न वाचता येणारा सेक्टर निघाला तर विचारायला दुसरं कोणी नाही. रिकामा कप्पा असेल तर त्याहून बरी वाट आहे:

एमडीॲडम /डेव्ह/एमडी१ --ॲड /डेव्ह/एसडीसी३
एमडीॲडम /डेव्ह/एमडी१ --रिप्लेस /डेव्ह/एसडीबी३ --विथ /डेव्ह/एसडीसी३

पहिल्या आज्ञेने नवी डिस्क राखीव म्हणून आत येते. दुसरीने तिच्यावर भरणं सुरू होतं, पण जुनी आपल्या जागीच असते. तिचा एखादा सेक्टर वाचता आला नाही तर तो एसडीएवरून घेतला जातो. भरणं पूर्ण झाल्यावरच जुनीवर '(एफ)' पडतं. एमडी० साठीही हेच. दोन्ही आज्ञा लागोपाठ दिल्या तरी एकाच डिस्कवरचे दोन ॲरे एका वेळी भरले जात नाहीत. दुसऱ्यापुढे 'डिलेड' दिसतं आणि तो आपली पाळी आली की सुरू होतो. ते बघून घाबरायचं कारण नाही.

वेगाचं गणित. डिस्क सेकंदाला सरासरी १३० एमबी देते असं धरलं तर चार टेराबाइटला साडेआठ तास लागतात. एमडीस्टॅट सुरुवातीला 'फिनिश' पुढे याहून कमी मिनिटं दाखवतं, कारण डिस्कच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त असतो आणि आत जाईल तसा तो जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून मालकांना सुरुवातीचा आकडा सांगू नये. भरण्याच्या वेगाची किमान मर्यादा मुळात सेकंदाला १००० केबी असते, म्हणजे कोणी सर्व्हर वापरत असेल तर भरणं बाजूला सरकतं. दिवसा ते बरंच आहे. रात्री दुसरी पाळी संपल्यावर मर्यादा वाढवली:

सिससीटीएल -डब्ल्यू डेव्ह.रेड.स्पीड_लिमिट_मिन=१०००००

रात्रीचं काम निवडण्याचं दुसरं कारण सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेत दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. डिस्कची कागदावरची मर्यादा बहुधा ६० अंश असते, पण तासन्‌तास पूर्ण वेगाने पळणारी डिस्क ५० च्या वर राहू नये असं आमचं मत. तापमान 'मॉडप्रोब ड्राइव्हटेम्प' करून 'सेन्सर्स' या आज्ञेत दिसतं. टॉवेलच्या कारखान्यात त्यात आणखी एक भर: कापसाचे तंतू. ते पुढच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि पंखे फिरत असूनही हवा आत जात नाही. जाळी काढून मऊ ब्रशने झाडली तर चार-पाच अंशांचा फरक पडला. शेडमधल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये. त्यात पाणी आणि तेलाचा अंश असतो. एसीच्या बटणावर 'रात्री बंद करू नये' अशी चिठ्ठी लावली. वॉचमन इमाने इतबारे एसी बंद करतो, आणि त्यावर कुठलीही आज्ञा चालत नाही.

'वॉच -एन ६० कॅट /प्रोक/एमडीस्टॅट' टीमक्समध्ये लावून ठेवलं. मध्येच वीज गेली तर? यूपीएसवर किती वेळ निघेल ते 'यूपीएससी' सांगतं, पण तो अंदाज असतो, आणि गरम खोलीतल्या शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. बॅटरी संपत आल्यावर नट या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने सर्व्हर नीट बंद केला तर भरणं कुठवर आलं ते डिस्कवरच नोंदलेलं असतं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. एक काळजी घ्यावी: डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या ॲरेंची तपासणी स्वतःहून सुरू करतं. ती रात्र या कामाला घेऊ नये.

भरणं झाल्यावर एमडीस्टॅटमध्ये पुन्हा [यूयू]. 'स्वॅपऑन --शो' ने जुन्या डिस्कवर थेट स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) नाही याची खात्री केली, एसडीबीचे दोन्ही भाग 'एमडीॲडम --रिमूव्ह' ने सोडवले आणि /सिस/ब्लॉक/एसडीबी/डिव्हाइस/डिलीट मध्ये १ लिहिला. अर्धा मिनिट थांबून, सिरियल नंबर पट्टीवर वाचून, मगच डिस्क ओढली. नव्या डिस्कच्या पहिल्या पार्टिशनवर फॅट३२ फाइल सिस्टम घातली, बूटलोडरची नक्कल केली आणि फर्मवेअरमध्ये 'डेबियन-ब' नोंद केली.

दोन्ही नोंदी खरंच चालतात का हे सुट्टीच्या दिवशी तपासलं. डिस्क ओढून बघायची गरज नाही. 'ईएफआयबूटएमजीआर --बूटनेक्स्ट' ला नोंदीचा चार अंकी क्रमांक दिला की फक्त पुढच्या एका वेळी त्या वाटेने बूट होतं. दोन्हींवरून एकेकदा उठवला.

मेलचा पत्ता /ईटीसी/एमडीॲडम/एमडीॲडम.कॉन्फ मध्ये आणि स्मार्टडीच्या फाइलमध्ये बदलून कारखान्यातलं कोणीतरी रोज उघडेल असा टाकला आणि 'एमडीॲडम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट' ने चाचणीचा मेल पाठवला. मेल स्पॅममध्ये सापडला. तिथून बाहेर काढून पत्ता ओळखीचा केला, पुन्हा पाठवला.

जुनी डिस्क लगेच पुसली नाही. नवीने काही दिवस काढेपर्यंत ती पाकिटात बंद, वर तारीख आणि सिरियल. नंतर दुसऱ्या लिनक्स मशीनला जोडली. तिथे ती आपोआप एमडी१२७ म्हणून उभी राहिली, तेव्हा 'एमडीॲडम --स्टॉप' ने आधी सोडवली आणि मग 'श्रेड -व्ही -एन १' चालवलं. खराब सेक्टरांवर ते अडकतं आणि तेवढा भाग तसाच राहतो. डिझाइन आणि गिऱ्हाइकांचे भाव त्यात असल्यामुळे मालकांनी वॉरंटीवर पाणी सोडलं आणि डिस्क मेंटेनन्सच्या ड्रिलखाली गेली.